कसबी माणसे आणि मराठी फौज : नेमणूक, पगार व निष्ठा (१६५७–१८०३)

१. प्रास्ताविक

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने सरदार, मोहिमा आणि किल्ले यांच्याभोवती फिरत राहिले आहे. ज्यांनी गुराबा बांधल्या, तोफा ओतल्या, गोळ्याचा पल्ला जोखला किंवा बंदूकधारी शिपायांना ओळीत उभे राहून बार काढायला शिकवले, ती माणसे या लेखनात पार्श्वभूमीलाच राहतात. ती पुढे येतात ती बहुधा दगाफटक्याच्या प्रसंगी. परिणामी 'भाडोत्री' हे एक विशेषण त्यांच्या सर्व इतिहासाला पुरेसे मानले गेले आहे. प्रस्तुत निबंधात या विशेषणाची फेरतपासणी करण्याचा प्रयत्न आहे. कसबी माणूस फौजेत आला कसा, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. तो राहिला का किंवा गेला का, हा मुख्य आहे.

मराठी सत्तेची एकूण फौज मोठी होती; पण तिचे आरमार, तोफखाना आणि कवायती पायदळ ही अंगे दीर्घकाळ लहानच राहिली. घोडेस्वार देशावर गावोगावी मिळत असे. गलबताचा सांगाडा बसवणारा सुतार, भरसमुद्रात तोफ चालवणारा गोलंदाज किंवा पलटणीला कवायत देणारा अंमलदार मात्र मोजकाच असे. शिवाय त्याच्यासाठी दुसरा धनी नेहमीच हाकेच्या अंतरावर होता. कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज होते. दख्खनेत निजाम आणि फ्रेंच. हिंदुस्थानात अयोध्येचा नवाब आणि कंपनी सरकार. अशा शेजारात लहान, कसबावर चालणारे दल उभे करणे एक वेळ सोपे असते. ते दहा-वीस वर्षे टिकवणे कठीण असते.

या प्रश्नाची साधने एका भाषेत सापडत नाहीत. मराठी बखरी आणि आज्ञापत्र, पोर्तुगीज पत्रव्यवहार, इंग्रजी वखारींची कागदपत्रे, फ्रेंच व इटालियन प्रवाशांची वर्णने आणि फारसी वृत्तांत एकत्र वाचल्याशिवाय कसबी माणसाचे चित्र पुरे होत नाही. याचे कारण त्याच्या जीवनक्रमातच आहे. तो एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेला आणि त्याचे जाणे प्रत्येक दरबाराने आपापल्या भाषेत, आपापल्या सोयीने नोंदवले. एका भाषेतील फितुरी दुसऱ्या भाषेत स्वधर्माकडे परतणे ठरते. तौलनिक अभ्यासकाला या साहित्यात रस वाटावा तो याच कारणाने.

२. कल्याणची गोदी

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि खाडीकाठी जहाजबांधणी सुरू झाली. किनाऱ्यावरील भंडारी, कोळी आणि मुसलमान दर्यावर्दी मचवे व होड्या बांधीत आणि हाकारीत आले होतेच. तोफा वाहणारे लढाऊ जहाज ही वेगळी विद्या होती आणि ती त्या किनाऱ्यावर प्रामुख्याने पोर्तुगीज गोद्यांत होती. त्यामुळे रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागीर-प्रमुखाला कामावर घेण्यात आले. त्याच्यासोबत त्याचा मुलगा आणि मोठा जमाव होता. ही जहाजे दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध बांधली जात आहेत, असे सांगण्यात आले होते.

ही बातमी वसई आणि गोव्याला पोचायला वेळ लागला नाही. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात शहाजीच्या मुलाने वसई-चौलच्या शेजारचा मुलूख घेतल्याचे आणि भिवंडी, कल्याण व पनवेल येथे जहाजे बांधल्याचे उल्लेख येतात. त्यांतील काळजी लपत नाही. आज सिद्दीवर जाणारी जहाजे उद्या आपल्यावर येतील, हे वसईच्या अंमलदारांना कळत होते. त्यांनी व्हिएगसशी संधान बांधले, आणि तो आपल्या माणसांसह रातोरात काम सोडून पोर्तुगीज हद्दीत निघून गेला.

या प्रसंगाचे स्पष्टीकरण बहुधा धर्म आणि राष्ट्र यांच्या आधारे दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. व्हिएगसच्या माणसांचे नातलग, चर्च आणि उद्याची रोजी ही सारी खाडीपलीकडे होती. कल्याणात त्यांच्याजवळ केवळ काम होते. काम संपल्यावर आपण कोण, या प्रश्नाला नव्या राज्याने अद्याप उत्तर दिलेले नव्हते; देण्याइतका अवधीही झालेला नव्हता. वसईच्या कप्तानाने त्यांना केवळ भीती घातली असेल असे वाटत नाही. त्याने त्यांना परतीची वाटही दाखवली असणार.

याच काळात तोफांच्या विद्येची बाजारपेठ किती मोठी होती हे मोगल दरबाराच्या उदाहरणावरून दिसते. फ्रेंच प्रवासी बर्निए नोंदवतो की फिरंगी गोलंदाजांना पूर्वी दरमहा २०० रुपयांपर्यंत पगार मिळे. औरंगजेबाच्या काळात नव्या माणसाला प्रवेश मिळणे अवघड झाले आणि पगार ३२ रुपयांवर आला. व्हेनिसचा मनुची दाराच्या तोफखान्यात ८० रुपयांवर लागला होता. एवढा मोठा उतार कशाने झाला? बर्निएच्याच कथनानुसार मोगलांची माणसे तोपर्यंत ते काम शिकली होती. मोठ्या सत्तेला परक्या कसबाची किंमत पाडता आली, कारण तिला शिकण्यासाठी दोन पिढ्या मिळाल्या होत्या. कल्याणच्या गोदीला दोन वर्षेही मिळाली नाहीत.

१६६१ मध्ये राजापूरच्या वखारीतील इंग्रज कैदेत पडले. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला त्यांनी तोफगोळे पुरवले होते, त्याचा हा हिशेब होता. कैदेत असताना दंडा-राजपुरी घेण्यास मदत केल्यास सुटका होईल, अशी बोलणी त्यांच्याशी झाल्याचे इंग्रजी पत्रांत दिसते. ती मदत काही मिळाली नाही. पुढे तह-वाटाघाटींतही तोफांचा विषय येत राहिला आणि मुंबईकर सिद्दी व मोगल यांच्या धास्तीने अंग काढून घेत राहिले. सक्तीने कसब मिळत नाही आणि मैत्रीच्या कराराने ते अर्धवट मिळते, हा अनुभव राज्याच्या पहिल्या दशकांतच आला होता. त्याचा परिणाम आरमाराच्या रचनेवर दिसतो. सभासदाच्या बखरीत आरमाराचे सुभेदार म्हणून दर्यासारंग आणि मायनाक भंडारी ही नावे येतात. त्यांच्या हाताखालच्या गलबतांची संख्या बखरकाराने फुगवली असेल. पण हे नेतृत्व किनाऱ्याच्याच माणसांकडे होते हे महत्त्वाचे आहे. १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटावर इंग्रजी जहाजांच्या समोर तट बांधण्याचे काम मायनाक भंडाऱ्याने केले आणि दौलतखानाने समुद्र सांभाळला, तेव्हा कल्याणहून निघून गेलेल्या कसबाची जागा वीस वर्षांत कोणी घेतली होती ते स्पष्ट झाले.

३. आज्ञापत्रातील विचार

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचे. त्यातील आरमाराचे प्रकरण बहुधा भूराजकीय दृष्टीने वाचले जाते. त्याच प्रकरणाकडे नोकरीच्या व्यवस्थेचा मजकूर म्हणूनही पाहता येते, आणि तसे पाहिले असता त्यातील बारकावे लक्ष वेधतात.

पहिली गोष्ट, आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे आणि त्याची घटना आकड्यांत सांगितली आहे : पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा. जहाज अवाढव्य नसावे आणि अगदी लहानही नसावे, हा सल्ला वाऱ्यापाण्याचा आहे, तसाच माणसांचाही. जेवढी कसबी माणसे सांभाळता येतील तेवढेच दल उभारावे असे त्यातून ध्वनित होते.

दुसरी गोष्ट पगाराची. आरमाराचा खर्च बंदराच्या जकातीवर नेमून देऊ नये, तो मुलखातील निश्चित महालांच्या उत्पन्नातून द्यावा, असे अमात्य सांगतात. कारण त्यांनीच दिले आहे : बंदराच्या उत्पन्नावर नेमणूक झाली की आरमाराची माणसे सावकारांना त्रास देतील आणि सावकारी बुडेल. यातील अर्थदृष्टी अनेकांनी वाखाणली आहे. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याचा पगार लुटीवर किंवा अनिश्चित उत्पन्नावर अवलंबून असतो, त्याची निष्ठाही तेवढीच अनिश्चित राहते. ठरलेल्या महालावर ठरलेली रक्कम लावून देणे म्हणजे खलाशाला पुढच्या वर्षाची हमी देणे होय.

तिसरी गोष्ट लाकडाची. सागासारखे जंगलातील लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे; रयतेच्या आंब्या-फणसाला जबरदस्तीने हात लावू नये; झाड जुने, जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, द्रव्य देऊन तोडावे. हा नियम रयतेच्या संरक्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे आणि तो तसा आहेच. किनाऱ्यावरचा सुतार, खलाशी आणि आंब्याचा मालक बहुधा एकाच गावातले, पुष्कळदा एकाच घरातले असत, हे ध्यानात घेतले तर त्याचा दुसरा अर्थही लागतो. ज्या गावातून कसबी माणसे मिळवायची त्या गावाचा रोष पत्करून आरमार चालत नाही.

टोपीकरांविषयी याच ग्रंथात सावधगिरीचा प्रसिद्ध उपदेश आहे. आरमार, तोफा आणि दारूगोळा हे त्यांचे बळ, हे अमात्य नेमके ओळखतात. ते बळ उसने घेऊन आपले आरमार चालवावे असे मात्र ते कोठे सुचवत नाहीत. राजव्यवहारकोशाच्या निर्मितीतून राज्याला स्वतःची परिभाषा हवी होती असे दिसते. आज्ञापत्रात राज्याला स्वतःचे कसब हवे होते असे दिसते. या दोन्ही प्रयत्नांना आलेले यश मर्यादित होते, पण त्यांमागची जाणीव एकच आहे.

४. आंग्र्यांचा किनारा

अमात्यांनी लिहिलेल्या व्यवस्थेची प्रत्यक्ष कसोटी कान्होजी आंग्र्यांच्या काळात (मृत्यू १७२९) लागली. कान्होजींचे बळ कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या किल्ल्यांत आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेल्या गोद्यांत होते. त्यांच्याकडे युरोपीय माणसेही होती. इंग्रज लेखक डाउनिंग याच्या १७३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मादागास्करच्या किनाऱ्यावरील चाचा प्लँटेन याची हकिकत आहे. तो अखेर आंग्र्यांच्या चाकरीत आला.

उलट दिशेचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. मॅन्युएल दि कॅस्ट्रो हा पोर्तुगीज आधी आंग्र्यांकडे होता. पुढे तो मुंबईकरांकडे गेला. १७१८ मध्ये गव्हर्नर बून याने खांदेरीवर स्वारी केली तेव्हा बेटाला होणारी कुमक अडवण्यासाठी काही गलबते त्याच्या हवाली करण्यात आली. कुमक अडली नाही, आणि दोष त्याच्यावर आला. त्याने हेतुपुरस्सर हयगय केली की त्याला ते साधले नाही, याचा निवाडा आज करण्याचे कारण नाही. ज्याची विद्या शत्रूच्या पदरी मुरलेली आहे अशा माणसाला घेताना धनी त्याचे ज्ञान विकत घेतो आणि त्याबरोबर त्याच्याविषयीचा संशयही पदरात घेतो. अपयश आले की त्या ज्ञानाचा विसर पडतो आणि संशय तेवढा शिल्लक राहतो.

आंग्र्यांच्या आरमाराचा कणा मात्र अशा फिरत्या माणसांचा नव्हता. कोकणातील खलाशी, गोलंदाज आणि सुतार पिढ्यान्‌पिढ्या त्याच गोद्यांत राहिले. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत गिर्ये येथे खडक फोडून केलेल्या गोदीचे अवशेष या स्थैर्याची साक्ष देतात. अशी गोदी एका मोहिमेसाठी कोणी खोदत नाही. म्हणूनच फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात जे घडले त्याचे गांभीर्य मोठे आहे. पेशव्यांशी संगनमत करून आलेल्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफमाऱ्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार एका दिवसात जळाले. जळालेली जहाजे पुन्हा बांधता आली असती. पुढे पेशव्यांच्या आरमारात आनंदराव धुळपांनी किनारा सांभाळला आणि १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' हे जहाजही पकडले. परंतु माणसे, गोदी आणि धनी यांचे जे एकत्र नांदणे विजयदुर्गात साधले होते ते त्या प्रमाणात पुन्हा जुळले नाही.

५. गारदी

फ्रेंच सेनानी बुसी १७५१ मध्ये निजामाच्या बाजूने पेशव्यांशी लढला आणि कवायती पायदळाचा प्रभाव दख्खनेला दिसला. त्याच्या हाताखाली तयार झालेले हिंदी अंमलदार थोड्याच काळात या दरबारातून त्या दरबारात फिरू लागले. मुजफ्फरखान गारदी हा त्यांचा ठळक नमुना. तो पेशव्यांकडे आला, बिनसल्यावर सावनूरकडे गेला, पुन्हा पेशव्यांकडे घेतला गेला आणि १७५९ मध्ये सदाशिवरावभाऊंच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून मारला गेला. त्याच्याच परंपरेतील इब्राहिमखान गारदी मात्र निजामाकडून भाऊंकडे आला आणि पानिपतावर शेवटपर्यंत उभा राहिला.

दोघांची घडण एक, विद्या एक, पूर्वीचा धनीही एक. मग वर्तनात एवढे अंतर का? स्वभावभेद हे एक उत्तर आहे, पण त्यापुढे जाणे शक्य आहे. काशीराज हा मूळचा दक्षिणी माणूस अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता. त्याने १७८० मध्ये फारसीत लिहिलेल्या वृत्तांतात युद्धाच्या सकाळी इब्राहिमखानाने भाऊंशी केलेले बोलणे आले आहे. त्याचा आशय असा : माझ्या शिपायांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळावा असा आग्रह मी धरला म्हणून आपण माझ्यावर रुष्ट होत होता, या महिन्याचा पगार मिळालेला नाही, तरी आज मी माझे काम करून दाखवतो. हे शब्द प्रत्यक्षात असेच उच्चारले गेले की नाही याची शहानिशा होऊ शकत नाही. तरीही शत्रूच्या छावणीत चाकरी करणाऱ्या एका दक्षिणी लेखकाला हा प्रसंग अशा रीतीने लिहावासा वाटला, हे वाङ्मयीन साक्ष म्हणून मोलाचे आहे. त्यात गारद्याचा पगाराचा आग्रह आणि त्याचा इमान या दोन परस्परविरोधी गोष्टी म्हणून येत नाहीत. पगाराविषयी बोलणारा माणूसच इमानाविषयी बोलतो.

घोडेस्वारांच्या फौजेला हा आग्रह अनोळखी होता. सरंजामी सरदाराची माणसे वर्षाकाठी, वरातीवर, लुटीच्या वाट्यावर आणि देशी परतल्यावर होणाऱ्या हिशेबावर निभावून नेत. गारद्याला गावी शेत नव्हते, सरंजामाचा हक्क नव्हता; त्याला महिन्याच्या रोख रकमेवर पोट भरायचे होते. त्याच्या अटीत जुन्या फौजेला लोभ दिसला. वस्तुतः तो दोन वेगळ्या उपजीविकांचा संघर्ष होता. पानिपतावर गारद्यांची फळी जवळजवळ कापली गेली. इब्राहिमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला.

बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, पुण्याच्या वाड्यात शिरलेल्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यामागे रघुनाथरावांच्या पक्षाचे कारस्थान होते, यात शंका नाही. पण गारदी आत आले ते थकलेल्या पगाराचा तगादा पुढे करून, आणि तगादा पुढे करता आला कारण पगार खरोखरच थकलेला होता. सुमेरसिंग आणि त्याच्या साथीदारांच्या अपराधाला या तपशिलाने कमीपणा येत नाही. मराठी भाषेने मात्र त्यानंतर 'गारदी' या शब्दाचा एकच अर्थ जवळ ठेवला. पानिपतावर उभा राहिलेला गारदी आणि वाड्यात शिरलेला गारदी यांतील दुसऱ्याने शब्दावर ताबा मिळवला. नाटक, कादंबरी आणि लोकस्मृती यांनी माणसाच्या इमानाचा निवाडा केला. थकबाकीच्या वहीचा निवाडा कोणी केला नाही.

६. कंपू

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सॅव्हॉयचा रहिवासी द बॉइन याला दोन पलटणी उभारण्यास सांगितले, तेव्हा आधीच्या तीस वर्षांचा अनुभव समोर होता. आरंभी त्याला दर शिपायामागे दरमहा ८ रुपये मिळत. त्यातून शिपायाला साडेपाच रुपये देऊन उरलेल्या रकमेत अंमलदारांचा आणि इतर खर्च भागवायचा, अशी रीत होती. तोफा ओतण्याचे काम आग्र्यात सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराकडे गेले. १७८९ मध्ये दल वाढवण्याविषयी मतभेद होऊन द बॉइन चाकरी सोडून गेला. महादजींनी त्याला पुढच्याच वर्षी परत बोलावले, आणि १७९० मध्ये पाटण व मेडता येथील लढायांनी त्या निर्णयाची किंमत वसूल झाली.

परत आल्यावर जी व्यवस्था झाली ती या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. कंपूच्या खर्चासाठी दुआबातील अलिगढच्या आसपासचा मुलूख जायदाद म्हणून लावून देण्यात आला आणि पगार नियमित झाला. जखमी शिपायाला जखमेच्या मानाने बक्षीस, कायमच्या अपंगाला निवृत्तिवेतन, दूरच्या मोहिमेसाठी वाढीव पगार, मृताच्या मालमत्तेवर वारसांचा हक्क असे नियम झाले. अमात्यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी आरमारासाठी सुचवलेले तत्त्व, म्हणजे निश्चित महालावर निश्चित खर्च, येथे एका परदेशी माणसाच्या हातून अमलात आले. त्याचे फळही दिसले. उत्तर हिंदुस्थानातील शिपाई आणि गोलंदाज वर्षानुवर्षे त्याच पलटणीत राहिले आणि कंपू ही त्यांची ओळख झाली.

या व्यवस्थेत एक भेग मात्र पहिल्या दिवसापासून होती. इंग्रजांविरुद्ध लढणार नाही ही अट द बॉइनने घातली होती आणि ती मान्य झाली होती. पलटणींचे अंमलदार बहुतेक युरोपीय. हिंदी शिपायाला कवायत येत होती, पण पलटण चालवण्याची विद्या त्याच्यापर्यंत पोचू दिली जात नव्हती. १७९५ मध्ये द बॉइन निवृत्त झाला आणि पेरॉन त्याच्या जागी आला. वरच्या जागांवर परके आणि खालच्या जागांवर आपले, ही रचना तशीच राहिली.

२९ ऑगस्ट १८०३ रोजी गव्हर्नर-जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांना चाकरी सोडण्याचे आवाहन केले. येणाऱ्यांच्या उपजीविकेची तरतूद करण्याचे आश्वासन दिले. लढाई सुरू होण्यापूर्वीच दलाचे डोके धडावेगळे करण्याची ही योजना होती. ४ सप्टेंबरला अलिगढचा किल्ला पडला; हल्ल्याला वाट दाखवणारा ल्यूकन शिंद्यांच्याच चाकरीतून आलेला होता. काही दिवसांतच पेरॉन स्वतः इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

याच गोंधळात जेम्स स्किनरचे प्रकरण घडले. स्किनरचा पिता स्कॉटिश आणि माता राजपूत. मिश्र वंशामुळे कंपनीच्या सैन्यात त्याला अंमलदाराची जागा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून तो कोवळ्या वयात शिंद्यांच्या कंपूत आला होता. १८०३ मध्ये पेरॉनने इंग्रज रक्ताच्या सर्व अंमलदारांना काढून टाकले. स्किनरने आपल्याला राहायचे आहे असे सांगून पाहिले; त्याला राहू दिले नाही. पुढे त्याने इंग्रजांसाठी उभारलेले घोडदळ त्याच्या नावाने प्रसिद्ध झाले, आणि हिंदुस्थानातील जातीजमातींवर त्याने फारसीत लिहिलेला 'तशरीह-उल-अक्वाम' हा ग्रंथ १८२५ मध्ये पुरा झाला. ज्याची भाषा, घर आणि विद्या येथील होती असा माणूस कंपनीने वंशाच्या कारणाने नाकारला आणि शिंद्यांच्या कंपूनेही अखेर त्याच कारणाने घालवला. जाहीरनाम्याला भुलून गेलेल्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात. संशयापायी घालवून दिलेल्यांचाही हिशेब मांडायला हवा.

यानंतर जे घडले ते भाडोत्रीपणाच्या सिद्धांतात बसत नाही. २३ सप्टेंबरला असईच्या मैदानावर आणि १ नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. असईला इंग्रजी ओळ पुढे सरकून गेल्यावर पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी पुन्हा तोफा डागल्या. लासवारीला फ्रेंच अंमलदार उरलेच नव्हते. तरी संगिनीने भोसकले जाईपर्यंत गोलंदाज आपल्या तोफांपाशी उभे होते, असे सेनापती लेकने स्वतः लिहिले आणि त्यांना फ्रेंच नेतृत्व असते तर निकालाची शंका होती अशी कबुलीही दिली. ज्यांना परत जायला दुसरा देश होता ते गेले. ज्यांचा कंपू हाच देश झाला होता ते राहिले. पण त्यांना नेतृत्वाची विद्या दिलेली नव्हती, त्यामुळे त्यांचे राहणे पराभव टाळू शकले नाही.

७. शब्दांची साक्ष

या दीडशे वर्षांच्या येण्याजाण्याचा एक अवशेष आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आला. 'काडतूस', 'पिस्तूल', 'कप्तान' हेही त्याच वाटेने आले. 'तोफ' तुर्की, 'गोलंदाज' आणि 'नाखुदा' फारसी, 'गुराब' आणि 'कवायत' अरबी. 'गारदी'त फ्रेंच 'गार्द' ऐकू येतो. आणि ज्या एका गोष्टीवर हे सारे नाते तुटत किंवा टिकत होते तिचे नाव, 'पगार', हेही पोर्तुगीजच आहे. संस्कृत पर्यायांचा कोश सिद्ध असतानाही हे शब्द टिकले, कारण ते कामाबरोबर आले होते आणि काम करणाऱ्या देशी माणसांनी ते आपलेसे केले होते. भाषेने परक्या कसबाला जे नागरिकत्व दिले ते देण्यास दरबार पुष्कळदा तयार नव्हता.

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतील. कसबी माणूस मिळवण्यात मराठी सत्तेला फारशी अडचण आली नाही; कल्याणपासून अलिगढपर्यंत माणसे येतच राहिली. त्यांना धरून ठेवण्यात जेथे यश आले तेथे नियमित पगाराच्या जोडीला वसतीची, म्हातारपणाची आणि मुलाबाळांच्या उद्याची सोय होती. आंग्र्यांच्या गोद्या आणि कंपूतील शिपाई ही त्याची उदाहरणे. जेथे विद्या वरच्या परक्या थरातच कोंडून राहिली तेथे खालच्यांची निष्ठा पराकोटीची असूनही दल निर्णायक घडीला नेतृत्वहीन झाले.

म्हणून 'भाडोत्री' हे विशेषण वापरण्यापूर्वी इतिहासकाराने त्या माणसाचा पगार किती महिन्यांचा थकला होता, जखमी झाल्यावर त्याचे काय होणार होते आणि त्याच्या मुलाला ते कसब त्याच फौजेत शिकता येणार होते का, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे देणारी कागदपत्रे पेशवे दप्तरात, लिस्बन आणि पणजीच्या संग्रहांत आणि फारसी हस्तलिखितांत विखुरलेली आहेत. हजेरीपटांवरील आणि रोजमुऱ्याच्या याद्यांवरील गोलंदाज, सुतार व खलाशी यांची नावे बखरींच्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम बहुभाषिक अभ्यासकांनी हाती घेतले, तर लासवारीच्या तोफांपाशी कोण उभे होते हे आपल्याला आजच्यापेक्षा अधिक नेमकेपणाने सांगता येईल.